घरच्या सर्व्हरला डोमेन जोडायचंय? नावाला हात सर्वात शेवटी लावा

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर वेबसाइट चालू केली, डोमेन विकत घेतलं, आता फक्त दोघांची गाठ घालून द्यायची. इथवर बरेच जण उत्साहाने येतात आणि नेमके इथेच अडकतात. खरं तर डोमेन आयपी पत्त्याकडे वळवणं हे एका ओळीचं काम आहे. घोळ होतो तो त्या ओळीच्या आजूबाजूला. कधी सर्व्हर फक्त स्वतःपुरताच ऐकत असतो, कधी फायरवॉल आडवी येते, कधी आलेली विनंती कुणाकडे पाठवायची हे राउटरला माहीत नसतं, तर कधी कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपीच (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसतो. बाहेरून मात्र सगळ्यांचं लक्षण एकच: पान उघडत नाही. मग माणूस डीएनएसची (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेची) रेकॉर्ड्स पुन्हा पुन्हा बदलत बसतो, आणि तिथे तर काही बिघडलेलंच नसतं.

म्हणून इथे आपण आतून बाहेर जाणार आहोत. सर्व्हर आधी स्वतःला पान दाखवतो का, मग घरातल्या दुसऱ्या यंत्राला, मग बाहेरच्या जगाला नुसत्या आकडी पत्त्यावर. हे सगळं जमलं की मगच नाव. हा क्रम पाळला तर प्रत्येक टप्प्यावर मागचं सगळं ठीक असल्याची खात्री असते, त्यामुळे बिघाड शोधायला घरभर फिरावं लागत नाही.

उदाहरणात मी डोमेन म्हणून एक्झाम्पल.कॉम आणि पब्लिक आयपी म्हणून २०३.०.११३.२५ वापरतो. दोन्ही मुद्दाम असल्या लेखनासाठीच राखून ठेवलेले आहेत. सर्व्हरचा घरातला पत्ता १९२.१६८.१.५० धरू. तुम्ही स्वतःचे आकडे घाला.

सर्व्हर घरातल्या घरात उघडतो का?

सर्व्हरवरच बसून ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ उघडा. स्क्रीन नसलेलं यंत्र असेल तर ‘कर्ल’ कमांडने तेच पान मागवा. पान आलं तर वेब सर्व्हर चालू आहे. आता त्याच वायफायवरच्या फोनमधून १९२.१६८.१.५० उघडा. इथे पान आलं नाही तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं.

पहिलं कारण म्हणजे प्रोग्रॅम १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतोय. हा पत्ता यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा असतो, बाहेरच्या कुणालाही तो गाठता येत नाही. नोड किंवा पायथनमध्ये लिहिलेल्या ॲपच्या बाबतीत हे हमखास दिसतं, कारण विकासासाठीचे सर्व्हर सुरक्षिततेसाठी मुळातच असे बांधलेले असतात. लिनक्सवर ‘एसएस’ कमांडच्या यादीत कोण कुठे ऐकतंय ते दिसतं; पत्त्यापुढचा आकडा म्हणजे पोर्ट, यंत्राचं त्या क्रमांकाचं दार. १२७.०.०.१:८० लिहिलेलं असेल तर दार आतल्या आत आहे, ०.०.०.०:८० असेल तर यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकणं चालू आहे. ॲपचा पत्ता बदलण्यापेक्षा माझं मत असं, की ॲप १२७.०.०.१ वरच राहू द्यावं आणि पुढे एनजिनएक्स किंवा कॅडी यांपैकी एक वेब सर्व्हर उभा करावा. बाहेरच्या जगाशी बोलण्याचं काम ज्याच्यासाठी बनवलं आहे त्यालाच करू द्या.

दुसरं कारण सर्व्हरची स्वतःची फायरवॉल. उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ चालू असेल तर तिच्यात ८० आणि ४४३ ही पोर्ट्स उघडावी लागतात. विंडोजवर नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल तर फायरवॉल जास्त कडक वागते, तेही पाहून घ्या.

फोनवर पान दिसलं, की पुढे जाण्याआधी सर्व्हरचा घरातला पत्ता पक्का करा. राउटर हे पत्ते डीएचसीपीने भाड्याने वाटतो आणि वीज जाऊन आल्यावर १९२.१६८.१.५० हा पत्ता टीव्हीला मिळू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असा भाग असतो. तिथे सर्व्हरच्या मॅक पत्त्यासमोर (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) हा आयपी लिहून टाका. सर्व्हर वायफायवर असेल तर जमल्यास केबल लावा. वायफायचा मॅक पत्ता आणि केबलचा मॅक पत्ता वेगळे असतात, म्हणून रिझर्व्हेशन केबल लावल्यावरच करा.

तुमचा पब्लिक आयपी खरंच तुमचा आहे का?

ही पायरी बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये एका वाक्यात उरकतात आणि नवख्या माणसाचे दोन-दोन दिवस तिच्यात जातात, म्हणून इथे जरा थांबू.

राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ किंवा ‘इंटरनेट आयपी’ लिहिलेला असतो. तो टिपून घ्या. मग ब्राउझरमध्ये माझा आयपी कोणता हे सांगणारं कुठलंही पान उघडा आणि तिथला आकडा टिपा. दोन्ही सारखे असतील तर उत्तम, पुढच्या भागावर जा.

सारखे नसतील तर वॅन आयपीकडे नीट बघा. तो १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे. बऱ्याचदा तो इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेमच असतो, जो स्वतःही राउटरचं काम करतो. अशा वेळी मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून देतो. ते शक्य नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (आलेली विनंती आतल्या ठरावीक यंत्राकडे पाठवण्याचा नियम) दोन्हीकडे करावं लागेल: मोडेमपासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून सर्व्हरपर्यंत.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. हे पत्ते २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ चे, म्हणजे इथे वापरतोय तसले चार आकड्यांचे, पत्ते संपत आल्यामुळे कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या घरून बाहेर जाणारी विनंती जाते आणि उत्तर घेऊन परत येते, म्हणून रोजच्या वापरात काहीच जाणवत नाही. पण बाहेरून कुणी आपणहून त्या पब्लिक आयपीवर आलं, तर ते कोणत्या ग्राहकाकडे पाठवायचं याची नोंद कंपनीच्या यंत्रात असते, तुमच्या राउटरमध्ये नाही. तुम्ही घरी कितीही पोर्ट्स फॉरवर्ड केलीत तरी विनंती तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. काही कंपन्या आपला वॅन आयपी १० ने सुरू होणाराही देतात, त्यामुळे पुढे दुसरा मोडेम नसतानाही तसा आकडा दिसला तर तेही सीजीनॅटच समजा.

यावर तीन वाटा आहेत. कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागणं ही सर्वात सरळ वाट. बऱ्याच कंपन्या तो जास्तीचे पैसे घेऊन देतात. दुसरी वाट बोगद्याची. क्लाउडफ्लेअर टनेलसारख्या सेवेत तुमच्या सर्व्हरवरचा एक छोटा प्रोग्रॅम आतून बाहेर जोडणी करतो आणि पाहुणे त्याच जोडणीतून आत येतात. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही. मात्र तुमची सगळी वाहतूक त्या कंपनीच्या यंत्रांवर उलगडली जाते हे माहीत असू द्या. तिसरी वाट म्हणजे पब्लिक आयपी असलेला एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकणं. कष्ट जास्त, पण सगळ्या चाव्या तुमच्याच हातात राहतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेने गेलात तर पुढचा राउटरचा भाग तुम्हाला लागू नाही.

राउटरमधून वाट काढणं

राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ शोधा. काही राउटरमध्ये त्याला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात. दोन नियम लागतात. बाहेरचं पोर्ट ८०, टीसीपी, आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतलं पोर्ट ८०. दुसरा नियम तसाच, फक्त ८० च्या जागी ४४३. बाकी काही नको. ‘डीएमझेड’ नावाची एक सोपी वाटणारी सोय शेजारीच असते; ती सगळी पोर्ट्स एका यंत्राकडे मोकळी सोडते. चाचणीपुरतीही ती लावू नका. आणि राउटरच्या सेटिंगचं पान बाहेरून उघडू देणारं ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद आहे ना, हे याच वेळी पाहा.

आता चाचणी. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि ब्राउझरमध्ये पूर्ण पत्ता द्या: एचटीटीपी, मग २०३.०.११३.२५. ही चाचणी घरच्या वायफायवरून करण्यात अर्थ नाही. आतून निघालेली विनंती आपल्याच पब्लिक आयपीवर परत वळवणं सगळ्या राउटरना जमत नाही. काहींवर राउटरचं लॉगिन पान उघडतं, काहींवर काहीच उघडत नाही, आणि बाहेर सगळं सुरळीत असताना माणसाला वाटतं की जोडणीच फसली.

मोबाइल डेटावर पान आलं नाही तर ब्राउझर काय म्हणतो ते वाचा. बराच वेळ चक्र फिरून ‘वेळ संपली’ असं आलं तर विनंती वाटेत कुठेतरी गिळली जातेय: फॉरवर्डिंगचा नियम, एखादी फायरवॉल, किंवा कंपनीनेच पोर्ट ८० अडवलेलं. ‘जोडणी नाकारली’ असं लगेच आलं तर विनंती कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचली, पण तिथे त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. आतला पत्ता किंवा आतलं पोर्ट तपासा. कंपनी पोर्ट ८० अडवते का हे ओळखायला बाहेरचं पोर्ट तात्पुरतं ८०८० करून पाहा, आतलं ८० च ठेवा. पत्त्याच्या शेवटी :८०८० लावून पान उघडलं तर दोष कुणाचा ते कळलं. घरगुती कनेक्शनवर काही कंपन्या ८० आणि ४४३ अडवतात. दोन्ही अडवली असतील तर वरच्या बोगद्याच्या वाटेकडेच वळा.

नुसत्या आकड्यांवर पान दिसू लागलं, की अवघड भाग संपला.

आता नाव

डोमेनच्या बाबतीत दोन कामं वेगळी असतात आणि ती एकाच कंपनीकडे असली तरी डोक्यात वेगळी ठेवावीत. रजिस्ट्रार तुमच्या नावावर डोमेन नोंदवतो. नेमसर्व्हर त्या डोमेनची रेकॉर्ड्स जगाला सांगतो. डोमेन एकीकडे घेतलं आणि नेमसर्व्हर दुसरीकडचे लावले, तर रजिस्ट्रारच्या पानावर कितीही रेकॉर्ड्स भरा, ती कुणी विचारायलाच येत नाही. म्हणून आधी पाहा, की तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणाचे आहेत. ‘डिग’ कमांडने एनएस रेकॉर्ड विचारलं की कळतं. रेकॉर्ड भरायचं ते तिथेच.

तिथल्या डीएनएस पानावर बहुधा आधीच काही भरलेलं असतं. नवीन डोमेनवर रजिस्ट्रार आपलं जाहिरातीचं किंवा ‘लवकरच येत आहे’ छापाचं पान दाखवतो, त्यासाठीचं ए रेकॉर्ड, म्हणजे नाव कोणत्या आयपीवर आहे ते सांगणारी ओळ. ते आधी काढा. ते तसंच ठेवून तुमचं दुसरं ए रेकॉर्ड घातलंत तर उत्तरात दोन्ही पत्ते जातात आणि काही पाहुणे तुमच्याकडे, काही त्या जाहिरातीकडे जातात. कधी चालतं, कधी नाही, अशी तक्रार आली की पहिली शंका हीच घ्यावी. जुनं एएएए रेकॉर्ड असेल तर तेही काढा. ते आयपीव्ही६ चा पत्ता सांगतं आणि आयपीव्ही६ असलेले पाहुणे आधी तिकडेच जातात.

मग तुमचं रेकॉर्ड:

प्रकार: ए
नाव: @
मूल्य: २०३.०.११३.२५
टीटीएल: ३००

@ म्हणजे डोमेन स्वतः, पुढे काही न लावता. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी वेगळं रेकॉर्ड लागतं: प्रकार सीनेम (हे नाव त्या दुसऱ्या नावाचंच टोपणनाव, असं सांगणारं), नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मूल्य एक्झाम्पल.कॉम. त्यामुळे आयपी बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागतो. मूळ डोमेनला मात्र सीनेम लावता येत नाही, कारण सीनेम असलेल्या नावावर दुसरं कुठलंच रेकॉर्ड चालत नाही आणि मूळ डोमेनवर एनएस (नेमसर्व्हर कोण ते सांगणारी) आणि एसओए (डोमेनच्या रेकॉर्ड्सच्या संचाची, म्हणजे झोनची, मूळ माहिती सांगणारं) ही रेकॉर्ड्स असावीच लागतात.

नावाच्या चौकटीत पूर्ण डोमेन लिहिण्याचा मोह होतो. बहुतेक पानं शेवटी डोमेन आपणहून जोडतात, म्हणजे तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत तर एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असं काहीतरी तयार होतं. जतन केल्यावर यादीत काय दिसतं ते एकदा वाचा.

मूल्याच्या चौकटीत फक्त आयपी. पुढे एचटीटीपी नको, मागे :८०८० नको. ए रेकॉर्डमध्ये ३२ बिटांच्या पत्त्याखेरीज जागाच नाही. १९८७ च्या मानकात ते तसंच ठरलं आणि आजही तसंच आहे. पोर्ट कोणतं हे ब्राउझर स्वतः ठरवतो, एचटीटीपीला ८० आणि एचटीटीपीएसला ४४३. म्हणूनच राउटरवर हीच दोन पोर्ट्स उघडायचा आग्रह धरला. घरचा १९२.१६८.१.५० इथे टाकू नका. जगातल्या प्रत्येकाच्या घरात तो पत्ता वेगळ्याच यंत्राचा असतो. रजिस्ट्रारच्या पानावर ‘यूआरएल फॉरवर्डिंग’ किंवा ‘मास्किंग’ अशी सोयही असते. तिने नाव जोडलं जात नाही. पाहुण्याला दुसऱ्या पत्त्यावर ढकललं जातं किंवा तुमचं पान दुसऱ्या पानाच्या चौकटीत कोंबलं जातं. तिच्या वाटेला जाऊ नका.

टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं. रेकॉर्ड बदलल्यावर ते जगभर कुणी पोचवत नाही. जगभरचे डीएनएस रिझॉल्व्हर ज्याला जेव्हा गरज पडेल तेव्हा तुमच्या नेमसर्व्हरला विचारतात आणि मिळालेलं उत्तर टीटीएल संपेपर्यंत जपून ठेवतात. ‘४८ तास थांबा’ हा सल्ला सरसकट सगळ्यांना दिला जातो, पण तो खरा लागू पडतो नेमसर्व्हर बदलल्यावर: डॉट कॉमच्या सर्व्हरकडून मिळणाऱ्या एनएस रेकॉर्डचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस आहे. नुसतं ए रेकॉर्ड बदललं असेल तर जुन्या रेकॉर्डचा टीटीएल संपेपर्यंतच थांबायचं.

नसलेलं उत्तरही असंच जपून ठेवलं जातं. रेकॉर्ड भरायच्या आधीच तुम्ही ब्राउझरमध्ये नाव टाकून पाहिलंत, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर तुमच्या रिझॉल्व्हरकडे बसून राहतं, कधी काही मिनिटं, कधी काही तास. किती ते झोनच्या एसओए रेकॉर्डमध्ये ठरलेलं असतं. म्हणून आधी रेकॉर्ड भरा, मग उघडून पाहा.

तपासायची रीत अशी. टर्मिनलमध्ये ‘डिग’ आणि पुढे डोमेन द्या. उत्तराची ओळ अशी दिसेल:

एक्झाम्पल.कॉम.  २८७  आयएन  ए  २०३.०.११३.२५

मधला २८७ हा उरलेला टीटीएल. तीच कमांड थोड्या वेळाने पुन्हा चालवली तर तो घटलेला दिसतो. म्हणजे उत्तर कॅशमधून, जपून ठेवलेल्या प्रतीतून, येतंय. कॅश टाळून खरं काय आहे ते पाहायचं तर @ लावून तुमच्याच नेमसर्व्हरचं नाव द्या आणि थेट त्याला विचारा. नेमसर्व्हर बरोबर सांगतोय आणि ८.८.८.८ किंवा १.१.१.१ जुनं सांगताहेत, तर फक्त वाट पाहायची आहे. नेमसर्व्हरच चूक सांगत असेल तर वाट पाहून काही होणार नाही, रेकॉर्ड दुरुस्त करा. विंडोजवर हेच काम ‘एनएसलुकअप’ करतं. क्लाउडफ्लेअरचा डीएनएस वापरत असाल आणि रेकॉर्डसमोरचा नारिंगी ढग (वाहतूक त्यांच्यामार्फत नेण्याची सोय) चालू असेल, तर उत्तरात तुमचा नाही, त्यांचा आयपी दिसेल. तो बिघाड नव्हे.

नेमसर्व्हर बदलणार असाल आणि डोमेनवर डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याची सोय) चालू असेल तर आधी ते बंद करा, त्या सहीची किल्ली सांगणारं जुनं डीएस रेकॉर्ड जाऊ द्या, मग बदला. नाहीतर सही जुळत नाही म्हणून अनेक रिझॉल्व्हर तुमचं डोमेन उघडायलाच नकार देतात.

सर्व्हरलाही नाव सांगा

नाव टाकल्यावर पान उघडलं, पण ते एनजिनएक्सचं किंवा अपाचेचं स्वागताचं पान निघालं, तर डीएनएसने आपलं काम चोख केलंय. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत आपण कोणत्या नावाने आलो ते सांगतो आणि वेब सर्व्हर त्यावरून कोणती साइट द्यायची ते ठरवतो. एनजिनएक्समध्ये ‘सर्व्हर नेम’च्या ओळीत दोन्ही नावं लिहा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय. अपाचेमध्ये एक नाव ‘सर्व्हरनेम’मध्ये आणि दुसरं ‘सर्व्हरअलायस’मध्ये. कॅडीमध्ये नाव हीच साइटच्या भागाची पहिली ओळ. काही ॲप्स आपल्या परीनेही नावं तपासतात. जँगोची ‘अलाउड होस्ट्स’ यादी, वर्डप्रेसच्या सेटिंगमधला साइटचा पत्ता. वर्डप्रेस तुम्ही १९२.१६८.१.५० वर बसवलं असेल तर तो सगळे दुवे त्याच पत्त्याचे बनवतो आणि बाहेरच्या माणसाला मोडकी साइट दिसते.

आयपी बदलत राहिला तर

घरगुती कनेक्शनचा पब्लिक आयपी बहुधा कायमचा नसतो. राउटर पुन्हा सुरू झाला की बदलू शकतो, आणि तुमचं ए रेकॉर्ड जुन्याच पत्त्याकडे, म्हणजे आता कुणा दुसऱ्या ग्राहकाकडे, बोट दाखवत राहतं. कायमचा आयपी विकत मिळत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर डायनॅमिक डीएनएस, म्हणजे आयपी बदलला की रेकॉर्ड आपोआप बदलणारी सोय, लावा.

तुमच्या डीएनएस कंपनीकडे एपीआय (प्रोग्रॅमला रेकॉर्ड बदलू देणारी सोय) असेल तर सर्व्हरवर ‘डीडीक्लायंट’ हा प्रोग्रॅम बसवा. तो ठरावीक वेळाने पब्लिक आयपी पाहतो आणि बदललेला दिसला तर ए रेकॉर्ड स्वतः बदलतो. त्याला खात्याचा मुख्य पासवर्ड देऊ नका. फक्त त्या एका डोमेनची रेकॉर्ड्स बदलू शकेल असं टोकन बहुतेक ठिकाणी बनवता येतं, तेच द्या. एपीआय नसेल तर डकडीएनएससारख्या फुकट सेवेवर एक नाव घ्या, ते ताजं ठेवा आणि आपल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं सीनेम त्या नावाकडे वळवा. टीटीएल ३०० ठेवायला सांगितला तो यासाठीच: रेकॉर्ड नवं झाल्यावर पाहुणे साधारण पाच मिनिटंच चुकीच्या दारावर उभे राहतील.

कनेक्शनवर आयपीव्ही६ असेल तर तेही जोडण्यासारखं आहे, पण त्याची रीत वेगळी. एएएए रेकॉर्डमध्ये राउटरचा नाही, थेट सर्व्हरचा पत्ता जातो. पोर्ट फॉरवर्डिंगऐवजी राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी वाट उघडावी लागते. पहिल्याच दिवशी हे करू नका. आयपीव्ही४ स्थिरावू द्या.

कुलूप

साध्या एचटीटीपीवर थांबू नका. ब्राउझर अशा साइटला असुरक्षित म्हणतो, आणि लॉगिनचं पान असेल तर पासवर्ड उघड्यावर जातो. डोमेन डॉट डेव्ह किंवा डॉट ॲप असेल तर प्रश्नच नाही: ही नावं ब्राउझरमध्येच ‘फक्त एचटीटीपीएस’ (कूटबद्ध एचटीटीपी) म्हणून नोंदलेली आहेत, त्यामुळे त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लावेपर्यंत ब्राउझरमध्ये काहीच उघडणार नाही.

लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते. एनजिनएक्स किंवा अपाचे असेल तर सर्टिफिकेट आणणारा ‘सर्टबॉट’ हा प्रोग्रॅम वापरा. कॅडी असेल तर काहीच करायला नको, तो स्वतः सर्टिफिकेट आणतो. नवख्यांसाठी मी कॅडी सुचवतो तो मुख्यतः याच कारणाने. डोमेन तुमचंच आहे हे पटवण्यासाठी नेहमीच्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या डोमेनवर पोर्ट ८० मधून एक फाइल मागतं. म्हणजे बाहेरून पोर्ट ८० उघडं हवं, आणि ही मागणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येते, त्यामुळे परदेशी पत्ते अडवणारी फायरवॉल लावली असेल तर ही मागणी फसते. ८० अडवलेलं असेल तर डीएनएसची पद्धत आहे. तिच्यात फाइलऐवजी डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (मजकुराचं) रेकॉर्ड भरावं लागतं.

सर्टबॉट फसला तर तीच कमांड पुन्हा पुन्हा मारू नका. एका तासात एका नावासाठी पाच फसलेल्या प्रयत्नांनंतर थांबावं लागतं. सर्टबॉटला ‘ड्राय रन’चा पर्याय द्या, तो चाचणीच्या सर्व्हरवर तालीम करतो, खऱ्या मर्यादेला हात लागत नाही.

सर्टिफिकेटची मुदत ९० दिवस असते आणि नूतनीकरण आपोआप व्हायला हवं. मुदत संपत आल्याच्या ईमेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केलं, त्यामुळे नूतनीकरण अडलं तर पहिली खबर पाहुण्यांकडून येईल. महिन्यातून एकदा ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची तारीख पाहा.

दार उघडल्यावर

सर्टिफिकेट दिलं गेलं की तुमचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं. ती नोंदवही सर्वांना वाचता येते आणि बॉट्स ती वाचत असतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये थोड्याच वेळात वर्डप्रेसच्या लॉगिन पानाच्या विनंत्या दिसतील, तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो. घाबरायचं कारण नाही, पण ढिलाईही नको. सर्व्हरचे अपडेट्स आपोआप लागू द्या. एसएसएचचं (दुरून सर्व्हर चालवण्याच्या सोयीचं) पोर्ट २२ बाहेर उघडू नका. बाहेरून काम करायचंच असेल तर वायरगार्डने घरात या आणि मग एसएसएच करा. घरचे फोटो आणि बँकेची कागदपत्रं ज्या यंत्रावर आहेत त्याच यंत्राला जगासमोर उभं करू नका. साधा छोटा वेगळा संगणक पुरतो. आणि डोमेनवरून तुमचा आयपी कुणालाही कळतो, आयपीवरून ढोबळ ठिकाण आणि कंपनी कळते. हे नको असेल तर मधे बोगदा किंवा प्रॉक्सी असलेलीच बरी.

रजिस्ट्रारच्या खात्याची काळजी सर्व्हरइतकीच घ्या. टू-स्टेप लॉगिन लावा, ऑटो-रिन्यू चालू करा. डॉट कॉमसारखं डोमेन नव्याने घेतल्यावर ईमेलची खातरजमा करायला सांगितलं जातं. १५ दिवसांत त्या दुव्यावर टिचकी मारली नाही तर डोमेन थांबवलं जातं, आणि बाकी सगळं जागच्या जागी असूनही साइट दिसेनाशी होते. या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली तर तो ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाच्या आठवणी नेमक्या त्याच पत्त्यावर येत असतात.